राजदूत 350 शर्यतीसाठी: मूळ हेड सुधारावीत की नवी बिलेट हेड घ्यावीत?

दांडियाबाजारकर:
राजदूत 350 चे हवेवर थंड होणारे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी बांधायचे असेल, तर त्याची मूळ हेडच (सिलिंडरांवरची झाकणे) लेथवर सुधारावीत, ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेली बिलेट हेड घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. खरा फायदा चेंबरच्या, म्हणजे हेडमधील ज्वलनाच्या खळग्याच्या, आकारात आहे. पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांतील स्क्विशची फट 1 मिमीच्या आसपास आणली, की कडेचे मिश्रण प्लगकडे जोराने ढकलले जाते, ज्वलन लवकर पुरे होते आणि नॉकिंगचा (उरलेले मिश्रण आपोआप भडकण्याचा) धोका घटतो. बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील जाणकार टर्नर हे काम सहज करील.

मकरपुरेकर:
स्क्विशचे म्हणणे मान्य, निष्कर्ष मात्र अजिबात मान्य नाही. ही गाडी 1983 मध्ये बाजारात आली. आज हाती येणारे हेड आधी कोणी किती घासले आहे, प्लगचे आटे किती वेळा दुरुस्त झाले आहेत, हे कसे कळणार? बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 64 मिमी, म्हणून तळ 1 मिमी घासला की चेंबरमधील सुमारे 3.2 घनसेंमी जागा जाते. 54 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरून हिशोब केला, तर 25 घनसेंमीच्या चेंबरला कॉम्प्रेशनचे प्रमाण (मिश्रण किती पट दाबले जाते) 8 च्या जवळ आणि 22 च्या चेंबरला 9 च्या जवळ येते. डाव्या-उजव्या हेडांत एवढा फरक राहिला, तर एकच सिलिंडर आधी तापून पिस्टन जाईल. बिलेटची दोन्ही हेड एकाच मापाने कापलेली असतात.

दांडियाबाजारकर:
तो फरक मोजून काढता येतो: हेड उलटे ठेवून ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) चेंबर भरेपर्यंत पातळ तेल सोडावे, आणि स्क्विशसाठी पिस्टनपिनच्या रेषेत दोन्ही कडांना सोल्डरची तार दाबून ती व्हर्निअरने मोजावी. बिलेटबद्दल माझी खरी हरकत उष्णता हवेत सोडणाऱ्या पंखांची आहे. कित्येक बिलेट हेडांचे पंख जाड आणि मोजके असतात. वाढलेले वजन उष्णता काही काळ साठवते, पण ती अखेर हवेलाच द्यायची असते, आणि बडोद्याच्या मे महिन्यात हवाच 40 अंशांच्या वर असते.

मकरपुरेकर:
पंख नीट पाहूनच बिलेट निवडावे, हे रास्त आहे, आणि लांब शर्यतीसाठी तर ते अत्यावश्यक आहे. तरीही चेंबरवरचा धातू पातळ झालेले जुने कास्टिंग, त्याचे घनमाप कितीही अचूक जुळले तरी, मी शर्यतीच्या इंजिनावर बसवू देणार नाही.