‘आपला गोतावळा’ ग्रुप : एअरब्रशच्या सरावाला स्वस्तात काय वापरू?

रोहित : सगळ्यायले नमस्कार. नीलेशदादानं त्याचा जुना एअरब्रश अन् छोटा कंप्रेसर मले देला. खऱ्याच्या 1/35 आकाराचं रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल किट आणून ठेवलं हाये, पण त्याच्यावर एकदम रंग माराची हिंमत होऊन नाई राहिली. जो तो सांगते की आधी प्लास्टिकच्या चमच्यायवर हात बसव. काटोलात इचारलं तं दुकानदार लाकडाचे चमचे दाखवते. प्लास्टिकचे कुठी भेटतीन?

शुभांगीताई : नाही भेटणार रे. 1 जुलै 2022 पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले बंद आहेत. आपल्या राज्यात तर 2018 पासूनच बंदी आहे. कोणी काउंटरखालून काढून दिले तरी घेऊ नको.

मोठेबाबा : एअरब्रश म्हंजे काय बे? फवारणीचा पंप?

नीलेशदादा : तसंच समजा मोठेबाबा. पण रंग मारायचा. पेनाएवढा असतो, पुढं 0.3 मिलिमीटरच्या भोकाचं नोझल.

मोठेबाबा : मंग सोयाबीनवर मारून पाय म्हना. अळी तरी मरन.

मंगेशमामा : भाचेराव, चमच्याच्या मांगं कायले लागला? चमच्याचं एवढं कौतुक काऊन हाये ते आयक. तो बहुतेक पॉलिस्टायरिनचा राहते, अन् तुया किटचंही प्लास्टिक तेच. म्हनून दोघायवर रंग सारखाच बसते. दुसरं, त्याची पाठ गोल. गोलाईवर रंग कुठी जास्त झाला, कुठी सुका उडला, ते लगेच दिसते. या दोन गोष्टी ज्याच्यात भेटन ते चालते. अन् किटचे भाग ज्या फ्रेमले चिटकून येते ते फ्रेम फेकू नोको. तेच प्लास्टिक हाये अन् फुकट हाये. प्रायमर (रंगाच्या आधीचा हात), थिनर (रंग पातळ कराचं), जे नवं आनशीन ते पयले त्या फ्रेमवर पाय.

रोहित : वावरात ठिबकच्या जुन्या नळ्यायचे बंडल पडून हायेत. गोलही हायेत. चालन का?

मंगेशमामा : नाई चालत. ते पॉलिथिन. रंग बसल्यावानी दिसते, वाळला की नखानं पापुद्रा निंगते. शाम्पूची बाटली, तेलाची कॅन, सारं त्याच घरातलं. डब्याच्या बुडाशी तिकोनात आकडा राहते, तो पाय. 2, 4, 5 असन तं सोडून दे. 6 म्हंजे पॉलिस्टायरिन, तो असन तं उचल. 3 म्हंजे पीव्हीसी, तेही झकास.

सुरेशकाका : पीव्हीसीचे तुकडे पाहिजे तं गोठ्यामांगं पडले हायेत. मोटरचा पाइप टाकला तव्हाचे. घेऊन जाय सारे.

मंगेशमामा : भाऊजी, हे काम झालं. रोहित, वीतभर तुकडे काप. 400 नंबरच्या वॉटर पेपरनं (पान्यात घासाच्या पॉलिश पेपरनं) ओलं घास, भांड्याच्या साबनानं धू, वाळू दे. मंग त्याले उगडा हात लावू नोको, बोटाचं तेल लागलं की तेवढ्याच जागी रंग सरकते. राखाडी प्रायमरचा हलका हात. आमच्या गाड्या रंगवाच्या दुकानात नवीन पोऱ्या आला की त्याले गाडीच्या दरवाज्याजोळ जाऊ देत नाई, भंगारातल्या मडगार्डवर महिनाभर मारू देतो. तुयं मडगार्ड म्हंजे हा पाइप. खराब झाला की घास, पुना मार.

संध्याकाकू : कपाशीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याही खूप हायेत नं घरी. त्या?

मंगेशमामा : वयनी, त्याले हातच नोका लावू देऊ. एक तं रंग बसत नाई, दुसरं घासल्यावर काय उडन त्याचा नेम नाई. 2017 साली यवतमाळात फवारनीच्या विषानं शेतकरी, मजूर मेले ते सारायनं पायलं हाये.

शुभांगीताई : आणि मास्क. पाण्यातला रंग असला तरी एवढं बारीक तुषार छातीत जातं. थिनर असेल तर साधा कापडी रुमाल पुरत नाही, वासासाठीचा फिल्टरवाला मास्क लागतो आणि मोकळी जागा. चुलीजवळ किंवा गॅसजवळ अजिबात नको.

नीलेशदादा : पाइपच्याही आधी कागद घे रोहित. आपल्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग आहे, गुळगुळीत बाजू वापर. वर्तमानपत्राचा कागद रंग पिऊन टाकतो, त्यावर काही कळत नाही. जुन्या कॅलेंडरची पानंही चालतात. रंग कशाला वाया घालवतो, शाईत पाणी टाक अन् घे. आधी ठिपके, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा, मग बारीकपासून जाड होत जाणारी रेघ. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागं ओढला की रंग. सुरू करताना हवा आधी, थांबताना रंग आधी बंद. हे उलट झालं की रेघेच्या टोकाला थेंब पडतो. हे बोटात बसेपर्यंत रणगाड्याचा डबा उघडूच नको.

रोहित : अन् रंग? मॉडेलचे रंग लय महाग हायेत. शाळेचे पोस्टर कलर हायेत माह्याजोळ.

मंगेशमामा : पोस्टर कलर नोको. भुकटी जाड राहते, नोझल जाम. साधा अॅक्रिलिक घे, स्टेशनरीत भेटते तो. थेंबाथेंबानं पानी घालून पातळ कर अन् नायलॉनच्या फडक्यातून गाळ. दुधाइतका पातळ पाहिजे. एअरब्रशच्या रंगाच्या कपाच्या भिंतीवर काडीनं लाव. सरकन खाली गेला अन् मांगं रंगीत पडदा रायला तं जमलं. दाब 15 ते 20 पीएसआय ठेव. रंग एअरब्रशच्या आतल्या सुईच्या टोकावरच वाळून राहिला तं मेडिकलातलं ग्लिसरीन एकदोन थेंब घाल. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 च्या वर पारा जाते, तव्हा तं त्याच्याशिवाय होतच नाई. आता पावसाळ्यात उलटं दुखनं, हवेतलं पानी नळीत जमते अन् रंगात थुकते. कंप्रेसरले पानी अडवाचा फिल्टर हाये का ते पाय.

रोहित : फिल्टर हाये. पण लाइनचा काय भरोसा? अर्ध्यात गेली तं?

नीलेशदादा : जुने लोक गाडीच्या स्टेपनीतून हवा घेत. 30 पीएसआय भरून आण, व्हॉल्व्हला नळी जोडायचा अडॅप्टर लाव, मधे दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर. नुसती ट्यूब नको, ती फुगत जाते अन् दाब धरत नाही. रिमवर बसलेलं टायरच पाहिजे. दाब उतरत जातो तसा फवारा बदलतो, तेवढं ध्यानात ठेव.

सुरेशकाका : माह्या जीपच्या स्टेपनीले हात लावला तं पाय मंग.

शुभांगीताई : रणगाड्यावर चट्टेपट्टे करायला स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा, लागेल ना? एक्स-रेची जुनी फिल्म कटरनं मस्त कापली जाते. भिजत नाही, पुसून परत वापरता येते.

आजी : माह्या गुडघ्याचा एक्स-रे कपाटात हाये. त्याले कोनी हात नोका लावू. डॉक्टर पुना मांगते.

संध्याकाकू : रोहित, परीचा तान्ह्या पोळ्याचा (लहान पोट्ट्यायच्या पोळ्याचा) लाकडी बैल पार टवके उडलेला हाये. सराव कराचाच हाये तं तोच रंगव नं.

मोठेबाबा : हे खरं काम सांगतलं. तान्हा पोळा आपल्या नागपूरच्या भोसल्यायनं चालू केला. दुसरे रघुजीराजे, 1806. रनगाड्याले कोन पुसते इथं?

मंगेशमामा : बैल चांगला हाये, पन तो सराव नोको समजू. लाकूड रंग पिते. आधी सँडिंग सीलर (लाकडाची भोकं बुजवाचा हात) मार, वाळला की घास, पुना मार, तव्हा कुठी प्लास्टिकासारखी पाठ होते. वशिंडाच्या खाली सावली माराले मात्र एअरब्रशसारखं काई नाई, ब्रशनं तशी येतच नाई. परीले सांग, शिंगं शेवटी. अन् पोट्टे चाटते, तं रंग पान्यातलाच घे.

परीची मम्मी : परी म्हणते बैल निळा पाहिजे.

मोठेबाबा : निळा बैल कुठी पायला व तिनं?

रोहित : निळा तं निळा. मामा, पाइप कापाले हॅक्सॉ हाये का तुमच्याजोळ?

मंगेशमामा : रविवारी आनतो. वॉटर पेपरही आनतो, तिकडे एकएक इकत नोको घेऊ. तोवर पत्रिकांवर रेघा मार अन् फोटो टाक इथं.

संध्याकाकू : पत्रिका घेताना पाहून घेजो. वरच्या चारपाच लग्नं अजून व्हायची हायेत.