उपजत देणगी म्हणून सोडून देऊ नका

कुणीतरी लिहिलंय की आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डक शाळेत गेले नाहीत, तरी उपजत देणगी असल्यामुळे गाणी सुचत गेली. देणगी होतीच, पण त्यांनी घेतलेले कष्ट त्यात झाकले जातात. सिन्नरजवळच्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकला. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला आणलं आणि आपल्याला ते वाचता येत नाही, हे फार लागलं त्यांना. मग बाराखडी गिरवली, जोडाक्षरं तर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. १९४३ साली लिहायला सुरुवात झाली तीही एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन रचून.

त्यांच्या बऱ्याच गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो, संतांच्या नाममुद्रेसारखा. आमच्या आईची दोनशे पानी वही आहे, आंबेडकर जयंतीला ऐकून उतरवलेल्या गाण्यांची. चाल कुठेच लिहिलेली नाही, शब्द अर्धवट, काही ओळी नुसत्या टिंबांनी भरलेल्या. पण 'वामन' ती कुठेही चुकलेली नाही. ते नाव आलं की गाणं कुणाचं हे सांगावं लागत नसे, आणि गाणं गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या तोंडी गेलं तरी नाव सोबत जायचं.