हलकी स्पोर्ट्स कार: पंचविशीत, चाळिशीत की साठीनंतर?

खाडीकाठ:
मस्कतला नोकरीत असताना, चौतिसाव्या वर्षी, मी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेतली होती. १९८९ साली आलेलं मॉडेल. दोघांपुरती जागा, १.६ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. परतताना विकावी लागली. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची हवी, असा आपला नियम. माझी दोन्हीत बसत नव्हती.

आता त्रेसष्टावं चालू आहे, रत्नागिरीजवळ घर आहे आणि पुन्हा तशीच गाडी घ्यायचं मनात आहे. ही गाडी साठीनंतरच कळते, असं माझं ठाम मत. तेव्हा मी तिला नुसता पिटाळायचो. आरे-वारेच्या वळणांवर चाळीसच्या वेगातही हलकी गाडी रस्ता हाताला सांगते, हे कळायला तेव्हा थारा कुठे होता?

घाटवाट:
काका, अजिबात पटलं नाही. मी सत्तावीसचा. बाबांना मोठी मोटारसायकल घ्यायची होती, दरवेळी "निवृत्तीनंतर बघू" म्हणायचे. निवृत्त झाले त्याच वर्षी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. १९९६ची लोटस एलिस बघा: जेमतेम सव्वासातशे किलो, पण दाराखालची चौकट इतकी उंच आणि रुंद की आत शिरायला अंग वळावं लागतं. शिवाय मागची चाकं घसरली की स्टिअरिंग कसं फिरवायचं, हे तरुण वयातच अंगात मुरतं. साठीला शिकायला गेलात तर पहिला धडा गडग्यावर.

कुडाळची सून:
तुमच्या दोघांच्याही हिशेबात घरातली माणसं दिसली नाहीत. माझं वय त्रेचाळीस. आमच्या वाडीत ज्याच्या दारात गाडी, ती सगळ्यांची. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता शेजारच्या काकूंना फुरसं चावलं. मागच्या सीटवर त्यांना आडवं केलं, उशाशी त्यांचा मुलगा बसला, पुढे मी आणि हे. दोन सीटच्या गाडीत कुणाला ठेवून गेलो असतो? आंब्याच्या पेट्या, सासूबाईंचे डॉक्टर, मुलांच्या परीक्षा तर रोजच्याच. चाळिशीत हौस नसते असं नाही. मलाही वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर टप उघडून जायला आवडेल. पण त्या रात्रीनंतर मन धजत नाही.

पत्रेवाला, मालवण:
वीस वर्षं पत्र्याचं काम करतोय. काकानू, तुमचा वय ऱ्हवांदे बाजूक, घर समुद्रापासून किती लांब ता आधी सांगा. एमएक्स-५च्या कापडी टपाचं पाणी मागच्या बारीक नळ्यांतून खाली जातं. त्या पानाकचऱ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकाचक असतो. इथल्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात हे लवकर होतं. आपल्याकडे सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनली होती, रेनोचं १.२ लिटर इंजिन आणि फायबरची बॉडी. किनाऱ्यावर राहणाऱ्याने अशा बॉडीचाच विचार करावा.

खाडीकाठ:
नळ्यांचं ध्यानात ठेवतो, बॉडीचाही विचार करतो. घाटवाट, बाबांचं वाचून वाईट वाटलं, म्हणूनच मी आता थांबणार नाही. पण आमच्यासारख्यांनी हप्त्यावर हौस कधी केली नाही, पंचविशीत तर नाहीच. ताई, तुमची ती रात्र मात्र मनातून जात नाही. दारातली सात सीटची गाडी मी विकणार नाही, तिची चावी शेजाऱ्यांकडेही असते. ही दुसरी असेल.

कुडाळची सून:
मग काका, साठीमुळे नाही, दुसरी गाडी परवडते म्हणून तुम्हाला जमतंय. मला पन्नाशीत परवडली तर मी पन्नाशीतच घेईन.