मदत हवी आहे: पाण्यातला पालक पिवळा, मातीतला हिरवागार

हिरवीफांदी: एकाच पाकिटातलं बी, एकच खिडकी. कुंडीतला पालक मस्त, हायड्रोपोनिक्सचा (माती नाही, नुसत्या खताच्या पाण्यात लावलेला) पिवळा पडत चाललाय. खत दुप्पट केलं, काही फरक नाही. पाण्यात मातीपेक्षा जोमाने वाढतं म्हणतात ना? लवकर सांगा, रोपं हातची जातील.

माळीबुवा: पीएच (पाण्याची आम्लता) किती? ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप)? पाण्यात हवा सोडणारा पंप आहे का? पिवळी कोणती पानं, खालची जुनी की शेंड्याची? आणि खत वाढवणं आधी थांबवा.

काळीमाती: टब रिकामा करा, रोपं कुंडीत लावा. माती सांभाळून घेते, पाण्यात पीएच एका दिवसात कुठल्या कुठे जातो. शिवाय रसायनावरच्या भाजीला कस नसतो.

मीठमोजणी: शेवटचं पटलं नाही. गांडूळखतातला नायट्रोजनही जंतूंनी फोडल्यावरच मुळांना मिळतो, आणि बराचसा नायट्रेट म्हणूनच, म्हणजे रसायनी खतात असतो त्याच रूपात. पण पाण्यात दुप्पट पीक येतं हाही गैरसमज. होगलंड आणि आरनॉन या कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच लिहिलंय की चांगल्या मातीतही तेवढंच उत्पन्न निघतं. खरा फायदा पाण्याच्या बचतीत.

दिवेलागण: जांभळा एलईडी घेऊ नका, पानांचा खरा रंग कळत नाही. मी पांढरा लावते, रोज १६ तास.

माळीबुवा: पालकाला १६ तास? पानं सोडून फुलावर येईल. आणि त्यांचा टब खिडकीत आहे, दिव्याचं कुणी विचारलंच नाहीये.

हिरवीफांदी: पंप नाही, नुसता पांढरट टब. पाणी कमी झालं की काठोकाठ भरतो. पीएच आत्ता पट्टीने बघितला, ७.५ च्या आसपास. ईसी मीटर नाही. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. मुळं तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागतात.

माळीबुवा: आता कळलं. शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाहीये. खतात ते असतं, पण बहुतेक खतांत ते ईडीटीए चिलेटच्या रूपात (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणाऱ्या पदार्थाशी बांधलेलं) असतं आणि पीएच ६.५ च्या वर गेला की ते नीट टिकत नाही. मग खत कितीही ओता. पीएच ६ च्या आसपास आणा. फॉस्फोरिक आम्ल, थेंबथेंब, हातमोजे घालून. दुसरं, पंप नसेल तर मुळांचा वरचा भाग हवेत हवा. काठोकाठ भरलं की ती गुदमरून कुजतात. बुळबुळीत मुळं कापा, टब धुवा, नवं द्रावण मुळांची टोकं बुडतील एवढंच भरा. टबाला बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळं धरेल.

काळीमाती: त्यापेक्षा गांडूळखताचं पाणी घाला, लोह आपोआप मिळेल.

मीठमोजणी: कृपया नको! ते टबात कुजताना जंतू ऑक्सिजन खातात, आणि इथे त्याचीच टंचाई आहे.

हिरवीफांदी: पिवळी झालेली पानं हिरवी होतील ना?

माळीबुवा: त्यांच्यावर जाऊ नका, नवीन पान कसं येतंय ते बघा. तेही पिवळंच आलं तर पीएच परत चढलाय का तपासा.

लालबुंद: माझ्या टोमॅटोच्या बुडाला काळे डाग येतायत. तेही लोहच का?

मीठमोजणी: नाही, तिथे कॅल्शियम कमी पडतंय. वेगळा धागा काढा, फोटोसकट. पाणी कसं आणि किती वेळाने देता तेही लिहा.