मदत हवी आहे: लाकडी घाण्यावर भांगेच्या बियांचं (हेम्प सीड) तेल काढायचंय, कायद्यात कुठवर बसतं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात आमचा लाकडी घाणा आहे. मी आणि माझ्या जाऊबाई मिळून चालवतो. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, खोबरं ही आमची नेहमीची तेलं. अन्न सुरक्षेचा परवाना आहे, सुटं तेल विकत नाही, बाटली सीलबंद आणि लेबल रीतसर असतं. अलीकडे पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं हेम्प सीड ऑइल आहे का म्हणून विचारतात. बाजारात ते आमच्या जवसाच्या तेलापेक्षा बरंच महाग विकलं जातं, म्हणून आम्हीही विचार करू लागलो.

सासऱ्यांचा विरोध आहे, आणि तो मला अनाठायी वाटत नाही. नाव काहीही द्या, झाड भांगेचंच. गावात एकदा पोलिसांची गाडी घाण्यासमोर उभी राहिली, की पुढे कोर्टात काहीही सिद्ध झालं तरी आमच्या शेंगदाणा तेलाचं गिऱ्हाईकसुद्धा परत येणार नाही. म्हणूनच पाऊल टाकण्याआधी नीट विचारतेय.

मला आतापर्यंत कळलंय ते असं. कुमाऊँ-गढवालकडे या बियांची चटणी घरोघरी होते, म्हणजे बी खाणं आपल्या देशात नवीन नाही. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देऊन मानकं ठरवली. उत्तराखंडने २०१८ पासून कमी नशेच्या वाणाच्या लागवडीला परवाने दिले. तिथल्याच एका व्यापाऱ्याशी आमचं बोलणं चालू आहे. नशेच्या घटकाबद्दल तो म्हणतो, "माल ०.३ टक्क्यांच्या आत आहे, सर्टिफिकेट आहे, बिनधास्त घ्या." त्याने पाठवलेला कागद मी पाहिला. तो पिकाचा आहे, आमच्याकडे येणाऱ्या पोत्यांचा नाही. त्या कागदावर मी विसंबू का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न परवान्याचा. अन्न परवान्यात हे उत्पादन वाढवून घेतलं की झालं, की राज्य उत्पादन शुल्काकडूनही काही लागतं? एका कार्यालयात विचारलं तर "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच उत्तर मिळालं, आणि तेवढं तरी लेखी द्या म्हटल्यावर नकार.

बाकीचे प्रश्न लोकांनी आणून दिलेले आहेत. पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीवाल्याला बिअरमध्ये घालायला भाजलेल्या बिया हव्या आहेत. ओळखीचे एक वैद्य म्हणतात, तुमच्या बाटलीत, तुमच्या नावाने विजया तेलही (भांगेचं औषधी तेल) विकू. आणि शेजारचे शेतकरी काका विचारतात, बी बाहेरून कशाला आणता, मीच अर्धा एकर पेरतो. या तिघांना काय सांगू?

"आता सगळं लीगल आहे" किंवा "नसत्या भानगडीत पडू नका" ही दोन्ही उत्तरं भरपूर ऐकली आहेत. ज्यांनी कागदपत्रं प्रत्यक्ष हाताळली आहेत, त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १

ताई, मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, त्या कागदावर विसंबू नका. या धंद्यात येणारे बहुतेक नवे लोक नेमके इथेच अडकतात.

०.३ टक्के ही मर्यादा उभ्या पिकाची आहे. शेतातल्या झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती असावा याची. तुम्ही शेती करत नाही, अन्न विकता. अन्नाची मर्यादा वेगळी: बियांत किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात किलोला १० मिलिग्रॅम, आणि बियांपासून केलेल्या पेयात किलोला ०.२ मिलिग्रॅम. ०.३ टक्के म्हणजे किलोला ३००० मिलिग्रॅम. बियांच्या मर्यादेच्या ६०० पट! व्यापारी खोटं बोलतोय असं नाही, पण तो दाखवतोय तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

आता घाणेवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. बियांच्या आत टीएचसी जवळपास नसतंच. ते असतं फुलोऱ्याच्या चिकात, आणि मळणीत तो चीक बियांच्या टरफलाला चिकटतो. म्हणून त्याच शेतातला नीट उफणलेला, चाळलेला माल पास होतो आणि कचरा राहिलेला माल नापास. मूठभर बी पांढऱ्या कागदावर चोळून बघा. हिरवट भुकटी किंवा फुलाचे तुकडे दिसले तर पोतं परत पाठवा.

दुसरं असं, की टीएचसी तेलात विरघळतं. बियांतून साधारण ३० टक्के तेल निघतं असं धरू. बी किलोला ५ मिलिग्रॅमवर, म्हणजे अगदी काठावर पास आहे आणि त्यातलं बहुतेक टीएचसी तेलात उतरलं, तर तेलात ते किलोला १६ च्या आसपास जाईल. म्हणजे पास झालेल्या बियांचं तेल नापास! त्यामुळे बी २-३ च्या आत असेल तरच घ्या, आणि तेलाची बॅचवार वेगळी तपासणी करा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जा, पण तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत ही तपासणी आहे का ते आधी विचारा. तिथे फक्त कीडनाशकांची मान्यता असेल तर या अहवालाला वजन राहत नाही. टीएचसीए (टीएचसीचं मूळ आम्लरूप) हा आकडाही मागून घ्या, कारण उष्णतेने त्याचं टीएचसी होतं.

परवान्यात हे उत्पादन आधी जोडून घ्या, मगच घाणा फिरवा. लेबलवर नशा, धुंदी, 'मूड' असं सुचवणारं काहीही चालत नाही. पाच-सात पात्यांचं ते प्रसिद्ध पान बाटलीवर छापण्याचा मोह डिझाइनरला हमखास होतो. छापू देऊ नका, बियांचं चित्र पुरेसं आहे.

धागाकर्ती

दादा, मनापासून धन्यवाद. तेलातलं गणित कुणीच सांगितलं नव्हतं, व्यापाऱ्यानेही नाही. एक राहिलंच. पेंडीचं काय करायचं? शेंगदाण्याची पेंड आमच्याकडे गोठेवाले हातोहात नेतात.

प्रतिसाद १

ही पेंड गोठ्याला देऊ नका. टीएचसी चरबीत मुरणारं आहे, दुधात उतरू शकतं, आणि ते दूध कुणाच्या घरी जाईल यावर तुमचा ताबा नाही. बारीक दळून पीठ म्हणून विकायची असेल तर तेही अन्नच, त्याची तपासणी वेगळी. सुरुवातीला पेंडीचा हिशेब वजनासकट वहीत ठेवा: किती बी आलं, किती तेल निघालं, किती पेंड उरली, ती कुठे गेली.

प्रतिसाद २

मी वकिली करते, अमली पदार्थांच्या खटल्यांत दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. वरच्या वहीच्या सल्ल्याला माझा जोरदार पाठिंबा, आणि त्यामागचं कारणही सांगते.

१९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीच्या केंद्रीय) कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याला, म्हणजे शेंड्यांना धरून आहे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्या व्याख्येबाहेर राहतात. 'शेंडे सोबत नसतील तर' हे शब्द वाचताना लोक ओलांडून जातात. तुमच्या पोत्यात फुलोऱ्याचे तुकडे सापडले तर तुम्ही बियांचा व्यापारी की आणखी कुणी, हा वाद सुरू होतो. मुद्देमाल जप्त होणार, नमुना रासायनिक विश्लेषकाकडे जाणार आणि अहवाल येईपर्यंत तुमचा माल व तुमची अब्रू दोन्ही अडकून पडणार. या कायद्यात आरोपीची दोषी मनःस्थिती गृहीत धरण्याची तरतूद आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. स्वच्छ बियांची पावती, बॅचचा अहवाल, वाहतुकीचं बिल, लागू असेल तर ई-वे बिल, हे सगळं मालाबरोबर गाडीत हवं, ऑफिसच्या फाइलमध्ये नव्हे. रात्री नाक्यावर गाडी थांबते तेव्हा फाइल उपयोगाची नसते.

पानाबद्दल एक गैरसमज दूर करते. केंद्राच्या व्याख्येत भांगेचं पान बसत नाही म्हणून ते मोकळं आहे असं नाही. महाराष्ट्रात भांग राज्याच्या दारूबंदी अधिनियमाखाली येते आणि परवान्याशिवाय ती बाळगता किंवा विकता येत नाही. उत्पादन शुल्क खात्याचा संबंध येतो तो इथे. तुमच्या मालात पान अजिबात नको, म्हणजे तो प्रश्नच उभा राहणार नाही. तरीही काय आणताय, कुठून आणताय, कोणत्या मानकाखाली आणताय याचं साधं पत्र त्या खात्याला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तरी पोच तुमच्या कामी येईल. लपवण्याचा हेतू नव्हता, हे त्यातून दिसतं.

शेतकरी काकांना आजच थांबवा. लागवडीला परवानगी लागते. बी किंवा धाग्यासाठी औद्योगिक लागवड करायची तरी सरकारचा आदेश हवा, कलम १४ त्यासाठीच आहे. कुणी स्वतःहून पेरलं तर कलम २० लागतं: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. उत्तराखंडचा परवाना उत्तराखंडातल्या जमिनीपुरता.

आणि ताई, चाळलेला कचरा उकिरड्यावर टाकू नका. हे बी सहज रुजतं. पावसाळ्यात घाण्यामागे चार रोपं उगवली तर ती कुणी पेरली हे सांगत बसायची वेळ तुमच्यावर येईल. कचरा भाजून किंवा उकडून मगच टाका. त्याच कारणासाठी सबंध कच्चं बी किरकोळीत विकू नका. तेल विका, फार तर सोललेला गर विका.

प्रतिसाद ३

वैद्यांच्या तेलाबद्दल लिहितो, आमचा आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा कारखाना आहे.

विजया तेल हे औषध आहे. त्याला आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो आणि भांग औषध नियमांतल्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, असल्याने 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना लेबलवर बंधनकारक आहे. तुमच्या अन्न परवान्यावर ते बाटलीत भरलंत तर दोन्ही कायदे मोडले. अन्नात सीबीडीची (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम आहे. बाजारात ३० मिलिलिटरच्या बाटलीवर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते या मर्यादेच्या शेकडो पट वर जातं. वैद्यांना म्हणावं, परवानाधारक कारखान्याकडून, त्यांच्या नावाने करून घ्या. शिवाय तुमच्या साध्या तेलाच्या जाहिरातीतही मधुमेह, कर्करोग बरा होतो असले शब्द येऊ देऊ नका. औषधं आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा अशा दाव्यांना लागू होतो आणि हेम्पच्या मालावर सगळ्यांची नजर आधीच असते.

बिअरचं थोडक्यात: मद्यात अमली किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ नको, हे मद्याच्या अन्न मानकांतच आहे. बी स्वच्छ असेल तरी पाककृती आणि परवाना ही ब्रूअरीची जबाबदारी आहे, तुमची नव्हे. त्यांनी उत्पादन शुल्क खात्याकडून लेखी मंजुरी आणली तरच माल द्या. 'हेम्प बिअर' या नावाने ते नशेची जाहिरात करणार असतील तर नाहीच म्हणा. पोस्टर त्यांचं असलं तरी पोत्यावरचं नाव तुमचं असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. जाऊबाई आणि सासरे, दोघांना बसवून हा धागा वाचून दाखवला. सासऱ्यांचा एकच आग्रह आहे की पोलीस ठाण्यात पत्र द्यायला ते स्वतः जाणार. काकांना पेरायचं नाही म्हणून सांगितलंय, वैद्यांनाही नम्रपणे नकार कळवलाय. ब्रूअरीवाल्याकडे खात्याची लेखी मंजुरी मागितली आहे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

व्यापाऱ्याला निरोप धाडलाय: बॅचवार अहवाल, किलोला मिलिग्रॅममध्ये, आणि आधी नमुना. पोत्यांचा सौदा नंतर. तो म्हणतो, एवढं कुणी मागत नाही. त्याने नाही दिलं तर आम्ही दुसरा शोधू, नाहीतर जवसावरच राहू.

आता दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. पुण्यात किंवा मुंबईत टीएचसीची तपासणी मान्यतेच्या व्याप्तीत असलेली प्रयोगशाळा कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? आणि अन्न परवान्यात हे उत्पादन जोडताना तुमच्याकडे कोणकोणती कागदपत्रं मागितली गेली? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहावं, किंवा मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.