चित्रकलेचे तास गणिताला दिलेत, आवाज बसलाय, ग्रेड परीक्षा तोंडावर, काय करू?

रंगरेषा
घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे आठवीचे दोन्ही तास गणिताला गेले, नववीचा एकच उरलाय तो पण शनिवारी, म्हणजे कार्यक्रम निघाला की तो पहिला जातो. मुलांचे एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे फॉर्म मात्र भरायचेच आहेत आणि निकाल खाली आला की विचारणार मलाच. वर पंधरा ऑगस्टचं फलकलेखन, कोणी साहेब भेटीला येणार असले की दारात रांगोळी, स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, आणि कोणी रजेवर गेलं की बदली तासाला मीच, कारण "तुम्हाला काय, पेपर तपासायचे नसतात". आवाज जूनपासून बसलाय, डॉक्टर म्हणतात कमी बोला. कमी बोलून शिकवायचं कसं? रविवारची संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू होते. तास परत कसे मागायचे आणि घसा न फाडता वर्ग कसा घ्यायचा, एवढं सांगा. नोकरी सोड हा सल्ला नको प्लीज.

मुळाकाठचा
ताई, अनुदानित का विनाअनुदानित? पर्मनंट आहात का तासिका तत्त्वावर? वर्गात मुलं किती? ह्यावर सगळं अवलंबून आहे.

खडूफळा
आणि कोणते डॉक्टर? फॅमिली डॉक्टर की कान-नाक-घसावाले? ते पहिले सांगा.

स्वप्नील_ठाणे
नको म्हणालात तरी सांगतो, सोडा. माझी बहीण शाळा सोडून घरी ग्रेड परीक्षेचे क्लास घेते, बॅचला दहा-बारा मुलं, शांतपणे शिकवते, पैसे पण बरे मिळतात. दहावीला मार्क वाढतात म्हणून पालक स्वतः आणून सोडतात. तब्येतीपुढे नोकरी काय?

मुळाकाठचा
ठाण्यात चालतं ते. तालुक्याच्या गावात कोण फी भरणार? तिथे मुलाला ब्रश धरायला शिकवणारी एकच व्यक्ती असते, शाळेतली. ती गेली की संपलं.

दोन_मुलांची_आई
मार्कांवरून आठवलं, ते आता कमी झालेत ना? इंटरमिजिएटला ए ग्रेड असली तर 7, बीला 5, सीला 3. आधी ए ग्रेडला 15 होते. आमच्या शाळेत तेव्हा केवढी गर्दी असायची, आता मुलीच्या वर्गातून मोजकीच बसलीत.

स्वप्नील_ठाणे
कमी झाले तरी 7 मार्क म्हणजे टक्का-दीड टक्का वाढतो, अकरावीच्या अॅडमिशनला तेवढ्यानं पण फरक पडतो.

निवृत्त_कलाशिक्षक
हेच दुखणं आहे. मार्क दिसले तर चित्रकला, नाहीतर ऑफ तास. मी आयुष्य ह्या विषयात घालवलं, मला ह्या बोलण्याचा राग येतो. वस्तुचित्र काढताना मूल समोरचा तांब्या पहिल्यांदा नीट बघतं, त्याच्या काठाची लंबगोल कड कशी दिसते ते त्याला कळतं, हे कुठल्या टक्क्यात मोजणार?
असो, ताईंचा प्रश्न. तोंडी भांडू नका, लेखी अर्ज द्या. त्यात फक्त हिशोब मांडा. एलिमेंटरीला चार पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. परीक्षा सप्टेंबरअखेर धरली तर किती आठवडे उरतात, प्रत्येक पेपराचा सराव किती वेळा व्हायला हवा, त्याला किती तास लागतात. खाली लिहा, एवढे तास मिळाले नाहीत तर तयारी अपुरी राहील, तरी वेळापत्रकात बदल व्हावा ही विनंती. कुणाची तक्रार नको, गणिताच्या सरांचं नाव तर अजिबात नको.

नियमवाला
2009च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची बघा. सहावी ते आठवीला शंभरच्या वर पट असला तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, द्यावा लागतो. ते कलम अर्जात टाका, मुख्याध्यापक हलतील.

निवृत्त_कलाशिक्षक
कृपा करून टाकू नका. त्या कलमात अंशकालीन लिहिलंय, पूर्णवेळ नाही. पूर्णवेळ पद असलेल्या बाईंनी स्वतःच्या हातानं ते पुढे का करायचं? शिवाय नववी-दहावी त्यात येतच नाही.

नियमवाला
कायदा कायदा असतो सर. मग 2020चं शैक्षणिक धोरण घ्या, 2023चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा घ्या, त्यात कलाशिक्षण स्वतंत्र विषय म्हणून आहे. त्याचा उल्लेख करा.

निवृत्त_कलाशिक्षक
एका ओळीत चालेल. पण मुख्याध्यापकांना आराखड्यापेक्षा निकालाची काळजी जास्त असते, अर्ज त्यावरच ठेवा.

निळाशाई
माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला ट्यूबमधले वॉटरकलर घ्यावेत की वड्यांचे? कागद कोणता?

दोन_मुलांची_आई
वड्यांचे घ्या, ट्यूब दाबून संपवतात. कागद जरा जाड बघा. पण वेगळा धागा काढा ना, इथे त्या बाई अडचणीत आहेत.

रंगरेषा
सगळ्यांचं वाचलं. अनुदानित आहे, पर्मनंट आहे, मला वाटलं ते कळलं असेल. पाचवी ते दहावी सगळे वर्ग माझ्याकडे, वर्गात 65-70 मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. चित्रकलेची खोली होती, तिथे आता कॉम्प्युटर आहेत, म्हणून पाण्याचे डबे घेऊन वर्गावर जाते आणि पुढचा तास सुरू व्हायच्या आत फरशी पुसून निघते. डॉक्टर फॅमिलीच, गोळ्या दिल्यात. मुख्याध्यापक वाईट नाहीत हो, त्यांच्यावरपण दहावीच्या निकालाचं दडपण आहे. वर्गात कुजबुजत बोलायला लागलेय, पण मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही.

वाणीदोषतज्ज्ञ_सातारा
कुजबुजणं आधी बंद करा. त्यानं घशाला आराम मिळत नाही, बऱ्याच जणांच्या स्वरयंत्रावर उलट ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. सारखं खाकरायचं नाही, घोटभर पाणी प्या. आवाज तीन-चार आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्यायला हवं, तुमचं तर जूनपासून आहे. शिक्षकांमध्ये स्वरतंतूंवर गाठी येणं आम्ही नेहमी बघतो, वेळेत आलं तर पुष्कळदा व्हॉइस थेरपीनं बरं होतं. गोळ्यांवर ढकलू नका.

खडूफळा
मी कमरेला लावायचा स्पीकर आणि कानामागून तोंडाशी येणारा माइक वापरते, पाचवीचा वर्ग आहे माझा. पहिल्या दिवशी मुलं हसली, नंतर सवय झाली. पाण्याचं म्हणाल तर रंगकाम पंधरवड्यातून एकदाच ठेवा, बाकी तास पेन्सिल, खडू, कागदकाम. आणि तास जोडून मागा, पस्तीस मिनिटांत रंग काढून आवरणं होतच नाही.

निवृत्त_कलाशिक्षक
जोडतासाचा मुद्दा बरोबर, अर्जात घाला. आणखी एक, सूचना तोंडी देऊ नका. कृतीच्या पायऱ्या मोठ्या कागदावर काढून ठेवा, तोच कागद सगळ्या तुकड्यांना चालतो. प्रत्येक रांगेला एक साहित्यप्रमुख नेमा, कागद वाटणं, गोळा करणं, डबे भरणं त्यांच्याकडे. फलकलेखनाला आठवी-नववीच्या चांगल्या अक्षराच्या मुलांचा गट करा, अक्षरलेखनाचा सराव आपोआप होतो, तुम्ही फक्त आखणी बघा.

स्वप्नील_ठाणे
हे सगळं करूनसुद्धा बाईच राबणार ना? बदली तासाचं काय?

मुळाकाठचा
ह्यावेळी पटलं तुमचं. ताई, बदली तासांची नोंद ठेवा, तारीख, वर्ग, कुणाच्या जागी. महिन्याभराची यादी समोर ठेवली की आकडा बोलतो.

घाटमाथा
धडधडीबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या बायकोला असंच होतं, तीही शिक्षिका. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी ती नको म्हणत होती, मग एकदा बोलली आणि पुढे डॉक्टरांकडे पण गेली. आवाजासारखंच हे पण तपासून घ्या.

रंगरेषा
हे वाचून रडू आलं, खरंच. घरी कोणाला धडधडीचं सांगितलं नव्हतं. शुक्रवारी घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. अर्ज आज रात्री लिहिते: चार पेपरांचा हिशोब, जोडतास, बदली तासांची यादी. डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत लावू का? आणि खडूफळा, तो माइक चार्जिंगचा की सेलवरचा?

खडूफळा
चार्जिंगचा. रोज रात्री लावते, दिवसभर पुरतो.

निवृत्त_कलाशिक्षक
सर्टिफिकेट ह्या अर्जाला जोडू नका, नाहीतर चर्चा तुमच्या आजाराची होईल, तासांची राहून जाईल. लागलंच तर आजारपणाच्या रजेसाठी वेगळा अर्ज करा. दोन प्रती काढा, एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसकट पोच घ्या. आणि अर्ज देताना गणिताच्या सरांनाही आधी भेटा, त्यांना आठवीचे दोन्ही तास खरंच हवेत की एकावर भागेल ते विचारा.