एडिंबरामध्ये एकच दुपार: स्कॉटिश चित्रं कुठून बघू?

चित्रवेडा
जानेवारीत कामानिमित्त एडिंबराला जातोय, एक दुपार मोकळी मिळेल. नॅशनल गॅलरीत फक्त स्कॉटिश चित्रकार बघायचेत, आणि जमलं तर त्यांची रेखाटनं. कुठून सुरुवात करू? तिकीट लागतं का?

रंगरेषा
कायमचा संग्रह विनातिकीट बघता येतो. 1800 ते 1945 या काळातल्या स्कॉटिश चित्रांसाठी 2023 साली नवी दालनं उघडलीत, पण माझं ऐकाल तर आधी त्याहून जुना ॲलन रॅमसे गाठा. त्यानं आपल्या बायकोचं, मार्गारेट लिंडसेचं चित्र काढलंय. फुलदाणीत फुलं लावता लावता कुणीतरी आल्यामुळे तिनं मान वळवलीये, एवढंच. घरच्यांचा विरोध पत्करून तिनं 1752 मध्ये त्याच्याशी लग्न केलं होतं. तिच्या अंगावरच्या लेसपाशी थांबा: जवळून नुसते पांढरे फटकारे, दोन पावलं मागे आलात की जाळी दिसते. मी विद्यार्थ्यांना रेखाटन शिकवते, आणि हात काढायची वेळ आली की रॅमसेच दाखवते. मोठ्या चित्राआधी तो खडूनं हातांचे वेगळे अभ्यास करायचा. बोटांची ठेवण तिथेच ठरलेली असते, रंग नंतर येतात. असे कागद सतत भिंतीवर नसतात, प्रकाशानं खराब होतात. संग्रहातली रेखाटनं बघायला आधी लिहून वेळ घ्यावी लागते, म्हणून आजच ईमेल करा.

मग जेम्स गथ्रीचं 1883 चं, कोबीच्या शेतातल्या मुलीचं चित्र. हातात सुरी, कोबी कापता कापता नुकतीच सरळ उभी राहिलेली. चपट्या ब्रशचे चौकोनी फटकारे मोजता येतील इतके स्पष्ट. गरिबीचं कौतुक नाही की दयाही नाही, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

जलरंग_७
जानेवारीत जाताय तर टर्नर सोडू नका, इंग्लिश असला तरी! हेन्री वॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रातून 1900 साली त्याची 38 जलरंगचित्रं गॅलरीला मिळाली, आणि अट अशी की ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तेव्हा उजेड सगळ्यात मंद असतो.

चित्रवेडा
ईमेल पाठवला. चित्रकार रेबर्नचं ते बर्फावर स्केटिंग करणाऱ्या पाद्र्याचं चित्र कसं आहे?

रंगरेषा
अपेक्षेपेक्षा लहान आहे, उंची जेमतेम 76 सेंटीमीटर. त्याच्या पायांमागे बर्फावर उमटलेले ओरखडे नीट बघा. आणि वेळ मिळाली तर रेखाटनाच्या खोलीत रॅमसेचे हातच मागा.